अळणी

पैसे परत मिळणार नव्हते,
म्हणून सासूबाईंना घेऊन गेले.
नचिकेतचं हिंजवडीत ऐन वेळी काहीतरी बंद पडलेलं,
फोनवर म्हणाला, आईला ने, तेवढाच हवापालट.
बुकिंग दोघांचं होतं. आम्ही दोघी होतो.

पवनेच्या काठाला पोचलो तेव्हा साडेसहा.
पाटीवर लिहिलेलं: बीच डिनर, होडीने ने-आण.
मावळात बीच.
सासूबाईंनी पाटी वाचली
आणि चाळीस वर्षं पुण्यात काढलेल्या माणसासारखा
नुसता चष्मा पुसला.

रोहिदास नावाच्या पोराने हात पुढे केला.
त्यांनी घेतला नाही.
निऱ्या दोन बोटांत धरल्या,
डावा पाय, उजवा पाय,
होडी डुललीसुद्धा नाही.
धनकवडीला बसमध्ये चढताना
दर वेळी माझा दंड आवळते, ती हीच बाई.

मोटर सुरू झाली. तिकोना हळूच मागे वळला
आणि काळा होत गेला.
त्यांनी कडेवरून हात सोडला, पाणी कापू दिला,
मग बोट जिभेला लावलं.
"ह्या पाण्याक मीठच नाय,"
दुकानदाराला माल परत करावा तशा म्हणाल्या.
अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून
वेंगुर्ला ऐकला नव्हता.
घरात त्या आहे म्हणतात, नाही म्हणतात,
बेसनात चमचाभर साखर घालतात.

पलीकडे मुरूम, मुरमावर
ट्रकने आणून ओतलेली वाळू,
बांबूंना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा,
बदामाचे फुगे, त्यातला एक बसलेला.
थर्माकोलवर लाल अक्षरांत
नचिकेत आणि ऋजुता.
"तुझा नाव बरोबर लिवलानी," त्या म्हणाल्या
आणि मुलाच्या खुर्चीत बसल्या.

चिलापीचं कालवण आलं, तांदळाची भाकरी.
पहिल्याच घासाला त्यांचा हात थांबला.
"मीठ इसारलंस रे झिला."
रोहिदासने आधी कपाळावर हात मारला,
मग जीभ चावली,
मिठाचा डबा त्या काठावर, बायकोच्या चुलीपाशी.
दहा मिनिटांत आलो म्हणाला आणि गेला.
होडीचा दिवा आधी लिंबाएवढा,
मग मोहरीएवढा, मग आवाज तेवढा.

वाऱ्याने मेणबत्ती विझली.
काडेपेटी पण बहुतेक पलीकडेच होती.

अंधारात त्या माझ्याशी बोलल्या की पाण्याशी,
अजून नक्की सांगता येत नाही.
बापाची होडी होती. दोन जाळी.
"धा वर्साची हुतंय, वल्ह्यार बसंय."
लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी बजावलं होतं:
पुण्यात कुणी विचारलं तर सांगायचं,
वडील बंदरावर कारकून होते.
"मगे मी तसाच सांगलंय. सगळ्यांका.
नचूक पण."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, भाकरी गार होतेय.

तर त्यांनी ती तशीच खाल्ली,
अळणी कालवणात बुडवून,
काटा न् काटा जिभेने वेगळा काढत,
ताटाच्या कडेला रांगेत लावत.
मीही खाल्लं. माशाला स्वतःची अशी
चिखलाची, थोडी लोखंडाची चव असते,
ती मिठाखाली कधी कळली नव्हती.

रोहिदास आला तो अख्खा किलोचा पुडा घेऊन,
धापा टाकत, "सॉरी काकू, सॉरी मॅडम."
ताटं रिकामी बघून ओशाळला.
सासूबाईंनी पुडा मांडीवर घेतला,
किंमत वाचली,
आणि परतीच्या होडीत त्याला म्हणाल्या, सरक.
वल्हं नव्हतंच, मोटरचा दांडा होता.
तोच धरला.

घरी पोचलो तेव्हा पावणेबारा.
नचिकेत लॅपटॉपवरून मान न उचलता,
"काय मग आई, कसं होतं?"
त्या मोरीत पायाची वाळू धूत होत्या.
नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही.
"छान होतं," म्हणाल्या,
"मीठ तेवढं जरा कमी पडलं होतं रे त्यांना."